बिनसीटची गाडी आणि आकुर्डीची जबाबदारी

ज्या मोटरसायकलला बसायला जागाच नाही ती मोटरसायकल विकत घेणारी माणसं जगात आहेत. का घेतली म्हणून विचारलं, तर त्यांना आपलीच कीव येते. या गाड्यांना ट्रायल्स म्हणतात. वजन सत्तर किलोच्या आत, टाकीत पेट्रोल जेमतेम अडीच लिटर, आणि सीट असायला हवी तिथे मागच्या मडगार्डाकडे उतरत गेलेला प्लास्टिकचा एक तुकडा. चालवणारा उभा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभाच. नवी गाडी बघायला आलेला आपला शेजारी जे ठरलेले प्रश्न विचारतो, किती देते, मागे वहिनींना बसता येतं का, डिकीत काय मावतं, त्यातल्या एकाचंही उत्तर या गाडीपाशी नाही. रीसेलचा प्रश्न तो मनात ठेवतो, पण तोही असतोच.

खेळ वेगाचा नाही. दगडधोंडे, ओढे, चिखल, माणूसभर उंचीचे कडे असं एक छोटंसं अंतर फिती लावून आखतात. त्याला सेक्शन म्हणतात. एकेक स्पर्धक आत शिरतो, आणि बाजूला उभा असलेला पंच त्याच्या बुटांकडे डोळे लावून राहतो. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. पडलात, मागे घसरलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. चार हा आकडा या हिशेबात येतच नाही. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. शून्य मिळवून पहिला नंबर काढण्याची सोय असलेला हा खेळ आमच्या शाळेपर्यंत पोचला नाही, ही हळहळ मला अजून आहे.

या नियमाने आपल्याकडची वाहतूक मोजायला घेतली तर अवघड होईल. पुण्यात दोन्ही पाय रस्त्यापासून दोन इंचांवर लोंबते ठेवून स्कूटर हाकणारा एक मोठा वर्ग आहे. पाय टेकायचे नसतात, पण टेकायची तयारी हवी, असं त्यांचं तत्त्व. ही मंडळी स्वारगेटहून निघाली तर लक्ष्मीनारायण थिएटर यायच्या आत त्यांचे तीन-तीन गुण भरतील. मोठ्या स्पर्धांत आणखी एक सोय असते. स्पर्धकाबरोबर एक माइंडर असतो. त्याने कड्याच्या टोकाशी उभं राहायचं आणि गाडी उलटायला लागली की माणूस आणि गाडी यांपैकी जे हाताला येईल ते धरायचं. पगारी माणूस असतो तो. आपल्याकडे हे काम मागे बसलेली बायको करते, आणि फुकट करते.

या खेळाची राजधानी स्पेनमधल्या कॅटलोनियात आहे. बार्सिलोना आणि तिथून उत्तरेला जिरोना या पट्ट्यात ट्रायल्स गाड्यांच्या इतक्या कंपन्या निघाल्या, बुडाल्या आणि पुन्हा निघाल्या, की वंशावळ काढायला बसलं तर कागद पुरत नाही. १९४४ साली पेरे पेर्मान्येर आणि फ्रान्सिस्को बुल्तो या दोघांनी मिळून मॉन्तेसा काढली. पुढे मॉन्तेसाने शर्यतींतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. बुल्तोंना ते पटलं नाही. ते बाहेर पडले आणि १९५८ मध्ये त्यांनी बुल्ताको काढली. मराठी संस्थांच्या इतिहासाची ज्याला थोडीफार माहिती आहे, त्याला इथवरचं नवीन वाटणार नाही. फरक एवढाच, की बाहेर पडलेल्या माणसाने पत्रकं छापण्याऐवजी गाड्या बनवल्या.

त्या काळी ट्रायल्स म्हणजे इंग्रजांचा खेळ आणि गाड्याही त्यांच्याच, धिप्पाड फोर-स्ट्रोक. बेलफास्टचा सॅमी मिलर हा त्यातला सर्वांत तरबेज गडी. ‘जीओव्ही १३२’ नंबरच्या एरियलवर त्याने ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या स्पर्धा मारल्या होत्या. बुल्तोंनी त्याला स्पेनला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून हलकी टू-स्ट्रोक शेर्पा तयार करून घेतली. १९६५ मध्ये त्याने त्याच शेर्पावर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. फोर्ट विल्यमच्या आसपासच्या डोंगरांत सहा दिवस चालणारी ही स्पर्धा परदेशी गाडीने जिंकण्याची ती पहिलीच वेळ. इंग्रज कारखानदारांनी ही बातमी वाचली, चहा घेतला आणि पुढच्या वर्षासाठी पुन्हा त्याच धिप्पाड गाड्या बनवल्या. त्यांतला एकही कारखाना आज उरलेला नाही.

बुल्ताको तरी कुठे उरली? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तीही बंद पडली. आणि खरी गोष्ट सुरू होते ती इथून. जिरोनाला लागून साल्त नावाचं गाव आहे. तिथे नार्सिस कासास आणि जोसेप पिबेर्नात यांचं बुल्ताकोच्या डीलरशिपचं दुकान होतं, नाव ‘गॅसगॅस’. नावाचा अर्थ सिलिंडरचा नंबर लावा असा नसून मूठ पिळा असा आहे. तर, कंपनी गेली, गाड्या यायच्या बंद झाल्या, दुकान मात्र जागेवर. अशा वेळी आपल्याकडचा डीलर दुकानाचं मंगल कार्यालय करतो. या दोघांनी १९८५ मध्ये स्वतःच गाड्या बनवायला घेतल्या. मूळ कंपनीने वाऱ्यावर सोडलं म्हणून जन्माला आलेली ही गाडी, आणि आज तिच्या मालकांना रात्री झोप येत नाही ती कशाने? कंपनीचा सपोर्ट राहील की नाही या काळजीने!

मधली वर्षं चांगली गेली. जोर्दी तारेसने १९९३, ९४ आणि ९५ अशी ओळीने तीन जागतिक विजेतेपदं गॅसगॅसवर मिळवली. आदाम रागाने २००५ आणि २००६ ही दोन. त्यानंतर तोनी बोउ नावाचा माणूस मॉन्तेसावर चढला तो उतरायलाच तयार होईना. २००७ ते २०२४ दरवर्षी उघड्यावरचंही जगज्जेतेपद त्याचं आणि बंदिस्त मैदानातलंही त्याचंच. एकूण छत्तीस. बाकीच्या कंपन्यांचे स्पर्धक इतकी वर्षं दुसऱ्या नंबरासाठी इतक्या चिकाटीने भांडत राहिले, त्याबद्दल त्यांचं स्वतंत्र कौतुक व्हायला हवं.

पैशांचं मात्र कधीच जमलं नाही. २०१४ मध्ये गॅसगॅसने ओस्साशी संसार मांडला. ओस्सा म्हणजे तिथलीच आणखी एक जुनी कंपनी, एकदा बुडून पुन्हा वर आलेली. दोन बुडणाऱ्यांनी एकमेकांना धरलं की जे होतं तेच झालं. २०१५ मध्ये दिवाळखोरी, लिलाव, आणि तोरोत नावाच्या कंपनीने ताबा घेतला. २०१९ मध्ये ऑस्ट्रियाची केटीएम आली आणि लवकरच तिने सगळंच घेतलं. माटिगहोफेन नावाच्या छोट्या गावातल्या या कंपनीची पद्धत साधी होती. आपलीच नारिंगी गाडी पांढरी रंगवली की हुस्क्वार्ना, लाल रंगवली की गॅसगॅस. एन्ड्युरो आणि मोटोक्रॉसच्या गॅसगॅस अशा रंगाच्या डब्यातून बाहेर आल्या. ट्रायल्सचं काय करायचं हा प्रश्न होता, कारण केटीएमकडे रंगवायला तशी गाडीच नव्हती. त्यामुळे टीएक्सटी नावाची मूळची ट्रायल्स गाडी तेवढी जशीच्या तशी राहिली. कार्बोरेटरवाली, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून कालवावं लागणारी. पंपावर पोऱ्याला ‘चाळीस एमएल टाक रे’ म्हणून दरडावणारी आपली जी पिढी आहे, तिला जगात आज कुठल्या नव्या गाडीपाशी आपलेपणा वाटेल तर तो हिच्याचपाशी.

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी केटीएमनेच कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज दिला. कारण गूढ नव्हतं. खपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त गाड्या बनवून ठेवल्या होत्या. अडीच लाखांहून अधिक मोटरसायकली जगभरच्या गोदामांत आणि शोरूममध्ये धूळ खात होत्या. आपल्याकडे कांद्याचं उत्पादन जास्त झालं की शेतकऱ्याला अक्कल शिकवायला सगळे पुढे येतात. एमबीए झालेल्या माणसांनी तेच केलं की त्याला ‘इन्व्हेंटरी करेक्शन’ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी तडजोड मान्य केली. येणं शंभर रुपये असेल तर तीस घ्या आणि गप्प बसा. पण हे तीस आणायचे कुठून? माटिगहोफेनमध्ये नव्हते. ते निघाले आकुर्डीतून.

आकुर्डीच्या बजाजचं आणि केटीएमचं नातं २००७ पासूनचं. आधी साडेचौदा टक्के, मग वाढत वाढत जवळपास निम्मं. छोट्या ड्यूक चाकणला बनतात हे आता पुण्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. बजाजने आठशे दशलक्ष युरोंची सोय केली, केटीएम तरली, आणि २०२५ संपता संपता मूळ ऑस्ट्रियन कंपनीच्या पाटीवर ‘बजाज मोबिलिटी’ हे नाव आलं. ज्या चेतकसाठी एके काळी माणसं मुलीच्या जन्माबरोबर नंबर लावत, तिच्या घराण्याने ऑस्ट्रियातल्या रेसिंग कंपनीला उधारीतून सोडवावं, हे सत्तरच्या दशकात कुणी सांगितलं असतं तर त्याला ठाण्याला नेऊन दाखवलं असतं.

या व्यवहारात टीएक्सटीची जागा कुठे, ते बघण्यासारखं आहे. एखाद्याने सदाशिव पेठेत जुना वाडा घ्यावा, नकाशे काढावेत, बिल्डरशी बोलणी करावीत, आणि मग कळावं की माळ्यावरच्या खोलीत एक म्हातारे भाडेकरू राहतात, भाडं बावीस रुपये, आणि ते कुठेही जाणार नाहीत. वाडा घेणाऱ्याचं त्यांच्याशी वैर नसतं. खरं तर त्याने खरेदी केली तेव्हा ते त्याच्या ध्यानातच नसतात. बजाज वर्षाला चाळीस लाखांहून जास्त वाहनं विकते. जगातल्या सगळ्या कंपन्यांच्या मिळून ट्रायल्स गाड्या हजारांत मोजायच्या. पल्सरच्या हिशेबात या गाड्यांचा वर्षाचा आकडा खाली पडला तर वाकून उचलायचेही कष्ट कुणी घेणार नाही.

मग आकुर्डीकर काय करतील? त्यांच्या घरचा दाखला दोन्ही बाजूंनी बोलतो. २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर या प्रकारातूनच बाहेर पडायचं ठरवलं. राहुल बजाज यांनी आपली नाराजी लपवून ठेवली नाही. ज्या स्कूटरवर घराणं उभं राहिलं तीच मुलाने बंद करावी, आणि वडिलांनी त्याबद्दल वर्तमानपत्रांकडे वाईट वाटल्याचं सांगावं, असं मराठी कौटुंबिक नाटकातही सहसा होत नाही. तिथे वडील दुसऱ्या अंकात जातात. पुढे दहा वर्षांनी, २०२० च्या जानेवारीत, चेतक पुन्हा बाजारात आली ती विजेवर चालणारी होऊन. तेव्हा आकुर्डीत भावनेला जागा नाही, पण नावाची किंमत कळते असं म्हणायला हरकत नाही. गॅसगॅस हे नाव नक्की राहील. त्या नावाखाली सीट नसलेली गाडी राहील का, हा वेगळा प्रश्न.

इथे कंपनीचा सपोर्ट म्हणजे नक्की काय, ते एकदा जमिनीवर येऊन बघितलं पाहिजे. ट्रायल्सवाला गाडी महिन्यातून चार वेळा दगडावर आपटतो. त्याला लागतात ब्रेकचे लिव्हर, मागचं मडगार्ड, क्लचप्लेटी, वॉटरपंपाचं सील, हँडलच्या मुठी. बॅनर, टोप्या, टीशर्ट आणि ‘आम्ही रायडर्सच्या पाठीशी ठाम उभे आहोत’ असं निवेदन त्याला लागत नाही, आणि कंपनी अडचणीत आली की नेमकं तेवढंच वेळेवर येतं.

पार्टच्या बाबतीत पुणेकराला कुणी घाबरवू नये. ज्याला खात्री करायची असेल त्याने बंद पडलेल्या कंपनीच्या एखाद्या गाडीचा छोटासा पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून नाना पेठेत जावं. गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं, दाराशी केबलींच्या माळा टांगलेल्या. काउंटरवरचा माणूस मान वर न करता एकच विचारतो, ‘नमुना आणलाय?’ पुडी सोडून पार्ट काचेवर ठेवायचा. तो अंगठ्याच्या नखाने आटे मोजतो, दिव्याकडे धरून आरपार बघतो, किंचित वास घेतल्यासारखं करतो आणि माळ्यावरच्या पोराला ओरडतो, ‘सीडी हंड्रेडचा निळा डबा टाक.’ डबा वरून खरोखरच टाकला जातो. त्यातून काळं तेल लागलेलं काहीतरी निघतं. ‘हे त्याचं नाही,’ तो सांगतो, ‘पण बसतंय.’

‘कंपनीचं आहे का?’ आपण चाचरत विचारतो.

‘कंपनी आहे कुठे?’ एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

जावा आणि येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. महिंद्राच्या गटाने २०१८ मध्ये जावा परत आणेपर्यंतची बावीस वर्षं त्या गाड्या अशा निळ्या डब्यांवर चालल्या. रॉयल एनफिल्डची गंमत याहून मोठी आहे. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० च्या सुमारास बंद झाली, आणि मद्रासच्या शाखेला कुणी सांगायचं विसरलं म्हणा, ती बुलेट बनवतच राहिली. आज आई नाही, मुलगीच घराणं चालवते. रॉयल एनफिल्डचाही ट्रायल्सचा इतिहास आहे. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज त्याच गाडीवर जिंकली होती. त्या विजयांची आठवण म्हणून २०१९ मध्ये आपल्याकडे ‘बुलेट ट्रायल्स’ नावाचं मॉडेल आलं. वजन दोनशे किलोच्या आसपास, सीट एकाची, मागे सामानाचं कॅरियर. ते उचलून कड्यावर चढवायचं तर एक माइंडर पुरला नसता, लेझीमपथक लागलं असतं. वर्षभरात मॉडेल बंद झालं, आणि मागे कोण बसणार हा प्रश्न विचारणाऱ्या शेजाऱ्यांचा विजय झाला.

स्कॉटलंडमध्ये किनलॉकलेवेन नावाच्या गावी दरवर्षी ‘प्री-६५’ नावाची स्पर्धा होते. नावाप्रमाणेच १९६५ च्या आधीच्या धाटणीच्या गाड्यांची. त्या एरियल, त्या बीएसए, सगळ्यांच्या कंपन्या केव्हाच मातीत गेल्या. गाड्या मात्र दरवर्षी त्याच दगडांवर चढतात, कारण कुणीतरी निवृत्त म्हातारा घरामागच्या शेडमध्ये लेथवर त्यांचे पार्ट काढत बसलेला असतो. ट्रायल्सच्या जगात असे म्हातारे मुबलक आहेत. कारखान्यापेक्षा त्यांच्यावर माझा विश्वास जास्त आहे. ते नफ्यात नसतात, त्यामुळे तोट्यातही जात नाहीत.

पण इथे एक खोच आहे, आणि ती गमतीवारी नेण्यासारखी नाही. एरियलच्या इंजिनातलं बरंचसं लेथवर उतरतं. टीएक्सटीचं सील, बेअरिंग, प्लेटी कुठूनही येतील, लिव्हर तैवानहून येईल. तिचं इग्निशन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स आणि इंजिनाचं ओतीव केसिंग या दोन गोष्टी मात्र कुठल्याही म्हाताऱ्याला शेडमध्ये जमणार नाहीत. बॉक्समधल्या गणिताची चावी कंपनीकडे, आणि केसिंगचे साचे कंपनीकडे. गाडी मरेल ती या दोन गोष्टींपायी मरेल. म्हणून सपोर्टची भाषा करणाऱ्याने एवढंच विचारावं, की हे साचे आज कुणाच्या ताब्यात आहेत आणि ते भंगारात जाणार नाहीत याची लेखी हमी कोण देतं.

ज्यांना हा ताप नको त्यांना वाटा आहेत. मॉन्तेसा होंडाच्या पदराखाली आहे. इटलीची बेटा शंभर वर्षांहून जुनी, घरच्यांनीच सांभाळलेली. फ्रान्सची शेर्को आहे, जिच्याबरोबर आपल्या होसूरची टीव्हीएस डकार रॅलीत उतरली होती, म्हणजे भारतीय शेजार तिथेही चुकला नाही. जोर्दी तारेसने तर स्वतःचीच टीआरएस काढली. कॅटलोनियात कुणी माणूस दुखावला की दोन वर्षांत नवी मोटरसायकल कंपनी निघते, हा नियम अजून मोडलेला नाही.

तरी गॅसगॅस घेऊन बसलेल्यांनी गाडी विकायची घाई करू नये. आता विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न कंपनीचाच विचारेल आणि निम्मा भाव पाडून मागेल. क्लचप्लेटींचे दोन संच आणि एक इग्निशन बॉक्स आताच घेऊन कपाटात ठेवावा, नव्या मालकांच्या निवेदनांवर डोळा ठेवावा आणि रविवारी गाडी दगडावर न्यावी.

आणि आकुर्डीकरांना एक विनंती. टीएक्सटी चालवा किंवा बंद करा, तो तुमचा व्यवहार आहे, त्यात आम्ही बोलणार नाही. पण बंद करायचीच झाली तर केसिंगचे साचे आणि त्या बॉक्सची चावी भंगारवाल्याला न देता साल्तमधल्या एखाद्या डीलरच्या हाती द्या. त्या गावाला डीलरशिपचा कारखाना करायची सवय आहे. वॉटरपंपाच्या सीलचं आम्ही नाना पेठेत बघून घेऊ.